न फुटलेली चार लिंबं

ती घटना आजही मला आठवते म्हणजे काय, माझ्याकडं राहायलाच आली आहे म्हणा ना. पोलीस लाइनीतली खोली सोडली, परभणीत दोन खोल्यांचं घर केलं, त्यात मी एकटी. तिला जागा भरपूर मिळते.

मी फार शिकलेली बाई नाही. शिपाई म्हणून भरती झाले, जुन्या हवालदारांच्या शेजारी बसून पंचनामा लिहायला शिकले, आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. त्यामुळं लिहीन तेही बोलल्यासारखंच लिहीन. नावं कोणाचीच सांगणार नाही. ज्यांची गोष्ट आहे ते ओळखतील, बाकीच्यांना ओळखून काय करायचंय?

आमच्या हद्दीत, पाथरीकडं जाणाऱ्या रस्त्याला, एक जिनिंग होती. शेतकऱ्यांचा कापूस आत यायचा, सरकी वेगळी व्हायची आणि रुईच्या गाठी बांधून बाहेर जायच्या. यार्डात कापसाच्या घराएवढ्या गंज्या लागायच्या. त्या सारायला एक ट्रॅक्टर होता, पुढं लोखंडी सुपडं बसवलेला. तिथं सगळे त्याला लोडर म्हणायचे. दिवसभर तो मागं-पुढं, मागं-पुढं, आणि त्याच्याच अवतीभवती बाया कापूस ओढायच्या, झाडायच्या. अशा ठिकाणी माणसाला गाडीची इतकी सवय होते की ती अंगावर येईपर्यंत कोणी मान वर करत नाही.

हंगामाच्या मुहूर्ताचा दिवस होता. मुहूर्ताला वजनकाट्याची पूजा होते, यंत्राची होते, गाडीचीही होते. लोडरला हार घातलेला, सुपड्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं आणि चार चाकांपुढं चार लिंबं ठेवलेली. नारळ फुटला की गाडी पुढं घ्यायची. चाकाखाली लिंबं फुटली की हंगाम सुरू झाला.

त्या दुपारी सिव्हिल हॉस्पिटलच्या पोलीस चौकीतून आमच्या ठाण्याला कळवलं, की जिनिंगमधली एक मजूर बाई ट्रॅक्टर आणि सिमेंटचा ओटा यांच्या मधे सापडली, पाय चिरडला. ठाण्यातला एक हवालदार घटनास्थळी गेला आणि बाईमाणूस म्हणून मला दवाखान्यात पाठवलं. मी पोचले तोवर तिला ऑपरेशनला नेलं होतं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, इतक्यात जबाब घेता येणार नाही. मी माझा नंबर सिस्टरकडं ठेवला आणि बाहेर येऊन नातेवाईक कोण म्हणून विचारलं. नातेवाईक कोणीच नव्हतं. मजूर पुरवणाऱ्या गुत्तेदाराचा एक माणूस औषधांच्या चिठ्ठ्या हातात धरून उभा होता.

"नवरा आहे ना तिला?"

"हाय की. आमच्याकडंच कामाला हाय."

"मग कुठं आहे?"

"येईल की म्याडम. घाबरलाय जरा."

इकडं ठाण्यात काम सोपं होऊन बसलं होतं. लोडरचा ड्रायव्हर आपल्या पायानं हजर झाला होता. तिशीतला गडी, कपाळावर मुहूर्ताचा टिळा तसाच.

"गाडी मीच चालवायलो होतो. पुढं घेऊन लिंबं फोडली, मंग मागं घेतली, तर मावशी मागं होती. चूक मपली हाय."

लायसन त्याच्याकडं होतं. शेजारी गुत्तेदार हात जोडून उभा. "कबूलच करायलाय म्याडम. तुमाला तकलीफ नको, आमाला नको. जामिनाचं आमी बघतो."

आता नोकरीत मी बघितलेला माणूस असा: आधी नाकारतो, मग रडतो, मग अर्धं सांगतो. हा मात्र विचारायच्या आधीच सगळं सांगून मोकळा. बरं, फिरून विचारलं तर त्याच शब्दांत, त्याच जागी थांबून. खरं सांगणारा माणूस दुसऱ्या वेळी कुठंतरी अडखळतो, काहीतरी नवीन आठवतं त्याला. याला काही नवीन आठवत नव्हतं. पण कबुली आहे, लायसन आहे, जखमी आहे. गुन्हा दाखल करणं भाग होतं. निष्काळजीपणानं वाहन चालवून गंभीर दुखापत केली, असा तो दाखल झाला आणि तपास माझ्याकडं आला. ड्रायव्हरला जामीन मिळाला. ट्रॅक्टर तपासायला मोटार वाहन निरीक्षक यायचे होते, म्हणून तो जागचा हलवायचा नाही असं बजावून ठेवलं होतं.

काही दिवस गेले. सकाळची हजेरी आटोपून चहाचा कप तोंडाला लावते न लावते तोच मोबाइल वाजला. अनोळखी नंबर, आवाज बारीक, दमलेला.

"फौजदारीणबाई, त्या ड्रायव्हरला सोडून द्या. त्यानं काय केलं न्हाई."

"कोण बोलतंय?"

फोन बंद झाला. मी उलट लावला तर पुरुषानं उचलला. म्हणाला, "म्या न्हाई केला फोन. मपली माय सिव्हिलला ॲडमिट हाय. बाजूच्या खाटंवरल्या मावशीनं मागितला व्हता. पाय काढलाय बघा जिचा, ती."

खबर देणारे मी खूप पाहिले. भाऊबंदकीतून खबर येते, हेव्यातून येते, दारूच्या तारेत येते. पण जिचा पाय गेला तीच बाई सांगते, आरोपीला सोडा. हे नवीन होतं.

मी तडक वॉर्डात गेले. चाळिशी ओलांडलेली, काटक बाई. पायाच्या जागी चादर सपाट पडलेली. तिकडं बघायचं नाही असं ठरवलं तरी नजर जातेच.

"फोन केला होतास का मला?"

"मी न्हाई."

"बरं. गाडीवर कोण होतं?"

"मी पाठमोरी व्हते. मला काय दिसलं न्हाई."

"काहीच दिसलं नाही, तर ड्रायव्हरनं केलं नाही हे कसं कळलं?"

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"नवरा येऊन गेला?"

"येतील. काम असतंय त्यायला."

"लेकरं?"

"एक लेक हाय, राणीसावरगावला दिलेली. ओली बाळंतीण हाय बाई, तिला कळवू नका."

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला राहवेना. "सगळ्यायला घरून डबे येतेत. हिला नुस्ती दवाखान्याची खिचडी. दिसभर 'आमचे हे, आमचे हे' करायलीय, अन ते हे काय फिरकंनात!"

"मावशे, गप की," ही भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाली.

तिथून मी जिनिंग गाठली. खरेदी सुरू झाली होती, पण यार्डाचा तो कोपरा रिकामा होता. ट्रॅक्टर ओट्यापासून हातभर अंतरावर उभा. तिला सोडवायला तेवढाच पुढं घेतला होता. रक्ताचा मागमूस नव्हता. पाणी मारून, झाडून लखलखीत केलेलं. हवालदारानं सगळ्यांचे मोबाइल आधीच बघितले होते. पूजेचे फोटो प्रत्येकाकडं, नारळ फुटेपर्यंतचे. त्याच्यापुढचं एकाकडंही नाही. एवढ्या सगळ्यांचं फोटो काढणं एकाच घटकेला कसं काय थांबतं, हे मला काही पटत नव्हतं.

मग मला ती दिसली. ट्रॅक्टरच्या चांगली आठ-दहा फूट पुढं, मोकळ्या जमिनीवर दोन लिंबं. आणि त्यांच्या मागं, जरा बाहेरच्या अंगाला, पूजेच्या वेळी मागची मोठी चाकं होती त्यांच्यापुढं, आणखी दोन. चारही बाजूंनी झाडू फिरवलेला आणि लिंबांभोवती हातभर कचरा तसाच.

झाडणाऱ्या बाईला विचारलं, "ही कामून ठेवली गं?"

"अगं माय! त्याला कोण हात लावंल? रगत सांडलंय त्या मुहूर्तावर. आमी तर वलांडत बी न्हाई."

मी गुत्तेदाराकडं बघितलं. "तुम्ही उचला."

तो हसला, पण जागचा हलला नाही. "म्याडम, ते गुरुजींना विचारून... बघतो की."

या लोकांनी रक्त धुतलं होतं, फोटो पुसले होते, ड्रायव्हरकडून धडा पाठ करून घेतला होता. पण लिंबं उचलायची हिंमत एकाच्याही अंगात नव्हती. मी खाली बसून एकेक लिंबू बघितलं. सुकलेली, कुंकू लागलेली, आणि चारही अख्खी.

म्हणजे गाडी पुढं गेलीच नव्हती. पूजेला उभी होती तिथून ती थेट मागं आली होती. आणि आपल्याकडं मुहूर्ताची गाडी लिंबं न फोडता मागं घेणारा ड्रायव्हर अजून जन्माला यायचाय. अपशकुन समजतात तो. मग गाडीवर जो बसला होता त्याला गाडी पुढंच जाईल असं वाटत होतं. तो ड्रायव्हर नव्हता.

मी दोन पंच बोलावून लिंबं जप्त केली. एक पंच म्हणाला, "सही करतो म्याडम, पर हात लावणार न्हाई." मग मीच उचलली. माझ्या मागं रडायला कोणी नाही, मला कसला अपशकुन.

ड्रायव्हरला ठाण्यात बोलावलं. चहा दिला आणि तो अर्धा झाल्यावर पुडी सोडून लिंबं टेबलावर मांडली. गड्यानं खुर्चीच मागं ओढली.

"लिंबं फोडली म्हणालास ना? मग ही कुठल्या गाडीची?"

त्यानं कप खाली ठेवला.

"मुहूर्ताला तू गाडी मागं घेशील?"

"आईच्यान न्हाई घेणार."

"मग कोणी घेतली?"

बराच वेळ तो लिंबांकडं बघत राहिला. मी काही बोलले नाही. आरडाओरडा करून माणूस तोंड उघडत नाही असं नाही, उघडतो. पण मग आपल्याला हवं तेच बोलतो. शांत बसलं की स्वतःचं बोलतो.

"मामा व्हते," तो म्हणाला. मामा म्हणजे त्या जखमी बाईचा नवरा. जिनिंग सुरू झाली तेव्हापासूनचा हमाल. त्या साली मॅनेजर म्हणाला, सगळ्यात जुना माणूस हाय, गाडी पुढं घ्यायचा मान त्याला द्या. "मामा लाजायलेत, आमी सगळ्यायनं ढकलून बसवलं. मीच म्हणलं, मामा, क्लच दाबा, चावी फिरवा, अन मी सांगतो तवा पाय उचला. तेवढ्यात कुणीतरी वरडलं, ड्रायव्हरला टिळा लावायचा राहिला. मी खाली उतरलो. मामानं पाय उचलला. अन गाडी रिव्हर्सला व्हती."

"रिव्हर्सला कशी?"

"हँडब्रेक लागतच न्हाई म्याडम तिचा. गेल्या साली पसून सांगायलो. म्हणून मागं लावली की गेरमधीच ठिवतो. ते काढायचं राहिलं." त्यानं डोळे पुसले. "गुत्तेदार म्हणला, बिनलायसनचा माणूस बसवला म्हणल्यावर मालक अडकंल, मामा जेलात जाईल. तू म्हण मी व्हतो. मला बी वाटलं, मामाच्या बायकोचा पाय तर गेला, आता मामा बी जेलात कामून?"

नवऱ्याला शोधायला लांब जावं लागलं नाही. जिनिंगच्या मागं मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, तिथं उंबऱ्यावर तो बसला होता. आजूबाजूचे कोणी त्याच्याशी बोलत नव्हते. त्याच्या शेजारी कापडात बांधलेला डबा.

"कोणाचा डबा?"

"तिचा."

"मग इथं कसा?"

"नेतो म्याडम रोज. जीपनं परभणीला जातो. दवाखान्याच्या गेटापस्तोर जातो." त्यानं डब्याची गाठ उगाच घट्ट केली. "पुढं जाववत न्हाई. परत येतो."

मी त्याच्याजवळ खाली बसले. खाकी वर्दीतली बाई शेजारी बसली म्हणून तो थोडा सरकला.

"ड्रायव्हरनं सगळं सांगितलंय, मामा."

त्यानं मान हलवली, जणू वाटच बघत होता. "मला घाला आत. पर तिला सांगू नका. ती पाठमोरी व्हती म्हणतेत, तिनं बघितलं न्हाई. तिला वाटायलंय ड्रायव्हरनं केलं. तेवढं तसंच राहू द्या. बाकी काय बी करा मपलं."

मला त्या क्षणी काय वाटलं ते कसं सांगू? ती तिकडं खाटेवर पडून ह्याच्यापासून एक गोष्ट लपवत होती. हा इकडं उंबऱ्यावर बसून तिच्यापासून तीच गोष्ट लपवत होता. मधे रोज एक डबा जात होता आणि तसाच परत येत होता. ती मला फोन करून म्हणाली होती की ड्रायव्हरनं काही केलं नाही. म्हणजे कोणी केलं हे तिला ठाऊक होतं. पण हे मी त्याला सांगायचं नव्हतं. ते तिचं होतं.

"मामा, तुमच्या जबाबाशिवाय तो ड्रायव्हर सुटत नाही. आणि तिच्या जबाबाशिवाय माझा तपास पुरा होत नाही. चला माझ्यासोबत. डबा घ्या."

रस्ताभर तो जीपमधे डबा मांडीवर धरून बसला. दवाखान्याच्या गेटाशी थांबला तो थांबलाच. मी त्याचा दंड धरला. लोकांना वाटलं असेल, पोलिसानं आरोपी पकडलाय. तसंही होतंच ते.

वॉर्डाच्या दारातून तिनं त्याला बघितलं. हा तिथंच खिळला.

"अवो, या की. दारात कामून उभे?"

तो खाटेजवळ गेला, पण चादरीकडं बघेना. छताकडं बघत उभा.

"काय आणलंय?"

"पिठलं. भाकर." मग जरा वेळानं, "खारट झालं आसंल."

"तुमी कवा नीट मीठ टाकलंय?" ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "बाई, लिहून घ्या. मी खोटं बोलले व्हते. मी पाठमोरी न्हवते."

त्यानं मान खाली घातली.

"समोर समद्या गडीमाणसाची दाटी. मालक, मॅनेजर, फोटोवाले. मला काय दिसंना. पर ह्यायला गाडीवर बसवलेलं मला बघायचं व्हतं. आयुष्यभर पाठीवर वझं वाहिलं ह्या माणसानं, कुणी खुर्ची दिली न्हाई. म्हणलं, मागून तरी बघावं कसे बसायलेत. म्हणून ओट्यापाशी जाऊन उभी राहिले." तिनं जरा दम घेतला. "नवा सदरा घातला व्हता. पाठ ताठ करून बसले व्हते. लय बेस दिसायलते."

तो मटकन खाली बसला. खाटेच्या लोखंडी पट्टीवर कपाळ टेकवलं आणि रडायला लागला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, काही नाही. डब्याचं कापड सोडलं आणि म्हणाली, "जेवलाव का तुमी? किती दिस झाले? उठा. आधी तोंड धुवा."

शेजारच्या म्हातारीनं आपला पाण्याचा तांब्या पुढं केला.

मी जबाब लिहिला, वाचून दाखवला, तिचा अंगठा घेतला. त्याचाही घेतला. तेवढ्यात सिस्टर आली. बायकांचा वॉर्ड आहे, भेटायची वेळ संपली, पुरुषांनी बाहेर जायचं. नियम बरोबर होता तिचा.

मी म्हणाले, "सिस्टर, हा आरोपी माझ्या ताब्यात आहे आणि जबाब अजून चालू आहे."

सिस्टरनं माझ्या हातातल्या पेनाकडं बघितलं. त्याला टोपण घातलेलं होतं. ती निघून गेली. मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. एकदा तिचं हसणं ऐकू आलं एवढं खरं.

निरीक्षकांनी ट्रॅक्टर तपासला. हँडब्रेक निकामी असल्याचा अहवाल दिला. खराब गाडी वापरली, परवाना नसलेल्या माणसाला तिच्यावर बसवलं आणि पुरावा नाहीसा केला, म्हणून मॅनेजर आणि गुत्तेदार आरोपी झाले. ड्रायव्हरचं नाव कमी होऊन तो साक्षीदार झाला. नवऱ्याचं नाव मात्र मला काढता आलं नाही. पाय त्याचाच क्लचवर होता, कायदा दुसरं काही म्हणत नाही. त्यानं एकदाही तक्रार केली नाही. तारखेला दोघं सोबत यायचे, ती कुबडीवर आणि तो तिच्या एका अंगाला, आणि कोर्टाच्या आवारात कडुलिंबाच्या झाडाखाली बसून एकाच डब्यात जेवायचे. मी साक्षीला गेले की मला हाक मारायचे. मी जायची नाही. दोघांचं जेवण असतं ते.

पोलिसाला शिकवतात, घटनास्थळी कोण होतं ते शोध. या प्रकरणानंतर मी प्रत्येक अपघातात आणखी एक गोष्ट शोधायला लागले: दवाखान्यात कोण आलं नाही. न येणारा माणूस दगडाच्या काळजाचा असतो असं आपण धरून चालतो. असतातही तसे. पण काही जण गेटापर्यंत येतात आणि परत जातात, आणि त्यांना आत न्यायला कोणी नसतं.

निवृत्त झाल्यापासून दिवस मोठा वाटतो. रक्तदाबाच्या गोळ्या आणायला मी सिव्हिलला जाते. खरं म्हणजे गोळ्या घराजवळही मिळतात. गेटाशी एखादा माणूस दिसतोच, पिशवी हातात, नजर खाली, पुढंही जात नाही आणि परतही जात नाही. मी जवळ जाऊन विचारते, कितवा वॉर्ड? तो दचकतो.

"तुमी कोण पेशंटच्या?"

"कोणीच नाही," मी म्हणते. "चला, मी येते सोबत."